कार्डाने पैसे भरताना जादा शुल्क : काय रास्त, काय बेकायदा?

बीड, प्रतिनिधी – कपाशीच्या फवारणीसाठी तीन हजार रुपयांचा पंप घेतला आणि पैसे देण्यासाठी डेबिट कार्ड पुढे केले, की अनेकदा एक वाक्य ऐकावे लागते, ‘कार्डाला दोन टक्के वेगळे लागतील.’ खिशात तेवढी रोकड नसल्याने ग्राहक मान डोलावतो. दुकानदार यंत्रावर ३,०६० हा आकडा टाकतो, कार्ड यंत्राला टेकवले जाते, ‘टिक्’ असा आवाज होतो आणि व्यवहार पूर्ण होतो. बिलावर मात्र तीन हजारच लिहिलेले असतात. मग वरचे ६० रुपये कोणाच्या खिशात गेले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विचारणाऱ्यास ‘बँक कापते’ असे उत्तर मिळते.

हे उत्तर बहुतेक वेळा अर्धसत्य असते आणि काही वेळा निव्वळ असत्य. त्या डेबिट कार्डावर ‘रुपे’ असे छापलेले असेल, तर बँक त्या व्यवहारावर दुकानदाराकडून एक पैसाही शुल्क घेऊ शकत नाही. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय या दोन मार्गांनी होणाऱ्या व्यवहारांवरील शुल्क केंद्र सरकारने शून्यावर आणले. त्यासाठी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात १०-अ हे कलम घालण्यात आले. जनधन खात्यांबरोबर मिळालेली कार्डे रुपेचीच आहेत. म्हणजे ज्यांना ६० रुपये सर्वाधिक जाणवतात, त्यांच्याच कार्डावर कोणतेही व्यवहार शुल्क नाही.

शुल्काचे मूळ कोठे?

कार्डाने पैसे घेणाऱ्या दुकानदाराकडून त्याची बँक प्रत्येक व्यवहारामागे काही टक्के रक्कम कापून घेते. बँकिंगच्या परिभाषेत यास मर्चंट डिस्काउंट रेट, म्हणजेच ‘एमडीआर’ म्हणतात. ही रक्कम यंत्र पुरविणारी बँक, कार्ड देणारी बँक आणि कार्डाचे जाळे चालविणारी कंपनी यांच्यात वाटली जाते. सेवा दुकानदार घेतो, म्हणून शुल्कही त्यानेच भरावे, असा यामागील हिशेब आहे. दुकानाचे भाडे किंवा वीजबिल ज्याप्रमाणे ग्राहकाच्या पावतीवर वेगळे दाखविले जात नाही, तसेच हे आहे.

डेबिट कार्डाच्या या दरावर रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातली आहे. १ जानेवारी २०१८ पासून अमलात आलेल्या आदेशानुसार ज्या व्यापाऱ्याची आधीच्या आर्थिक वर्षातील उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत आहे, त्याच्याकडून यंत्रावरील व्यवहारासाठी ०.४० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही आणि एका व्यवहारामागे ही रक्कम २०० रुपयांवर जाऊ शकत नाही. त्याहून मोठ्या व्यापाऱ्यासाठी मर्यादा ०.९० टक्के व १,००० रुपये अशी आहे. आता फवारणी पंपाचा हिशेब पुन्हा मांडून पाहता येईल. व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या डेबिट कार्डावर तीन हजारांच्या खरेदीसाठी लहान दुकानदाराला जास्तीत जास्त १२ रुपये मोजावे लागतात, मोठ्याला २७ आणि त्यावरचा कर. रुपे डेबिट कार्डावर शून्य. ग्राहकाकडून घेतले गेले ते ६०!

डेबिट कार्डाने पैसे देणाऱ्या ग्राहकाकडून दुकानदाराने वेगळे शुल्क घेणे समर्थनीय नाही, हे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच बँकांना बजावले होते. दुकानदार आणि यंत्र देणारी बँक यांच्यातील कराराला ते धरून नाही आणि असे करणाऱ्या व्यापाऱ्याशी असलेला संबंध बँकेने तोडावा, अशी त्या परिपत्रकाची भूमिका आहे. परिपत्रकाला दहा वर्षे उलटून गेली, तरी दुकानाच्या काउंटरवर त्याची खबर फारशी पोहोचलेली दिसत नाही. युरोपीय संघाने आणि ब्रिटनने जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या कार्डांवरील अशा अधिभाराला कायद्यानेच बंदी घातली.

क्रेडिट कार्डाचे प्रकरण वेगळे आहे. त्याच्या एमडीआरवर रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा नाही. दर साधारणतः दीड ते तीन टक्क्यांच्या घरात असतो. किराणा किंवा खते-बियाणे अशा कमी नफ्याच्या धंद्यात तो खरोखरच जड जातो. त्यात यंत्राचे मासिक भाडे निराळे. त्यामुळे व्यापाऱ्यांची तक्रार सर्वस्वी खोटी म्हणता येत नाही. अडचण अशी, की ‘कार्डाला दोन टक्के’ हा एकच दर सर्व कार्डांना सरसकट लावला जातो आणि क्रेडिट कार्डाचा भुर्दंड जनधनच्या कार्डावरही पडतो.

टेकवले आणि निघाले

यंत्रात न घालता नुसते जवळ धरले, की चालणाऱ्या ‘कॉन्टॅक्टलेस’ कार्डाला जादा शुल्क लागते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या एमडीआरच्या नियमांत कार्ड टेकवले की यंत्रात घातले, असा भेद नाही. फरक पडतो तो ग्राहकाच्या सावधपणात.

मे २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दोन हजार रुपयांपर्यंतचे असे व्यवहार पिन न टाकता करण्यास मुभा दिली. १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा पाच हजारांवर नेण्यात आली. पिन टाकावा लागतो तेव्हा यंत्र ग्राहकाच्या हातात येते आणि पडद्यावरची रक्कम आपोआप नजरेखालून जाते. पाच हजारांच्या आत तो प्रसंगच येत नाही. दुकानदाराने ३,००० टाकले की ३,०६०, हे मोबाइलवर संदेश आल्यानंतरच कळते, आणि तोवर पाठीमागचा गिऱ्हाईक पुढे सरकलेला असतो. नोटा मोजून देण्यात जो एक क्षणाचा थांबा होता, तो येथे नाहीसा झाला आहे.

ही सोय नको असल्यास ती बंद करता येते, हे मात्र अनेक कार्डधारकांना ठाऊक नसते. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे नवे कार्ड देताना ते केवळ देशातील एटीएम व दुकानांतील यंत्रांसाठीच चालू असते. कॉन्टॅक्टलेस, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करावयाचे असतात. बँकेचे मोबाइल ॲप, नेट बँकिंग किंवा एटीएम यांद्वारे ते केव्हाही चालू-बंद करता येतात आणि प्रत्येक प्रकाराची स्वतंत्र मर्यादाही ठरविता येते. घरातील वृद्धांच्या किंवा शिक्षणासाठी बाहेरगावी राहणाऱ्या मुलांच्या कार्डावर ही मर्यादा ५०० रुपयांवर आणून ठेवणे अवघड नाही.

प्रीपेड कार्ड : आधी पैसे, मग अटी

प्रीपेड कार्डात अगोदर रक्कम भरावी लागते आणि मग ती खर्च करता येते. दिवाळीत मिळणारे भेटकार्ड, मोबाइलमधील वॉलेट, कंपनीने प्रवासखर्चासाठी दिलेले कार्ड हे सारे याच वर्गात मोडतात. बँक खात्याप्रमाणे यातील शिलकेवर व्याज मिळत नाही. येथील शुल्के दुकानदार नव्हे, तर कार्ड देणारी संस्थाच आकारते. कार्ड देण्याचे, त्यात रक्कम भरण्याचे, हरवल्यास नवे घेण्याचे, एटीएममधून पैसे काढण्याचे अशी ती अनेक प्रकारची असतात. क्रेडिट कार्डावरून वॉलेटमध्ये रक्कम भरताना काही ॲप ‘सुविधा शुल्क’ लावतात, तेही याच यादीतले.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांचा भर शुल्क किती असावे यापेक्षा ते आधी सांगितले जावे, यावर आहे. सर्व शुल्के, मुदत आणि अटी ग्राहकाला कार्ड देतानाच सोप्या भाषेत, इंग्रजी व हिंदीबरोबर स्थानिक भाषेतही सांगाव्यात, असे त्यात स्पष्ट नमूद आहे. बीडच्या ग्राहकाला मराठीतून शुल्कपत्रक मागण्याचा आधार येथे मिळतो. कार्डाची मुदत शेवटची रक्कम भरल्यापासून किमान एक वर्षाची असली पाहिजे आणि मुदत संपण्यापूर्वीच्या ४५ दिवसांत धारकाला सूचना दिल्या पाहिजेत, हेही त्यातच आहे. सलग वर्षभर एकही आर्थिक व्यवहार न झालेले कार्ड किंवा वॉलेट निष्क्रिय केले जाते. मात्र ते पुन्हा पडताळणी करून चालू करता येते.

भेटकार्डाची गोष्ट थोडी निराळी. त्यात १० हजारांपेक्षा जास्त रक्कम नसते, पुन्हा भर घालता येत नाही आणि रोख काढता येत नाही. एक हजाराच्या कार्डातून ९३७ रुपयांची खरेदी झाली, तर उरलेले ६३ रुपये पुढच्या बिलात वळते करून घेणे हाच व्यवहार्य उपाय. काउंटरवर ‘६३ रुपये कार्डातून घ्या, बाकी रोख’ असे सांगावे लागते. यंत्रावर आधी पूर्ण बिलाची रक्कम टाकल्यास कार्ड नाकारले जाते आणि शिल्लक नसल्याचा गैरसमज होतो. धारकाची संमती असेल तर भेटकार्डातील रक्कम ज्या खात्यातून आली तेथे परत जाऊ शकते, पण तिचा लाभ अर्थातच देणाऱ्याला होतो.

वॉलेटमधून यूपीआयद्वारे पैसे दिल्यास शुल्क लागते, या बातमीने २०२३ च्या मार्चअखेर बराच गोंधळ उडाला होता. १ एप्रिल २०२३ पासून दोन हजारांवरील अशा व्यवहारांवर कमाल १.१ टक्के शुल्क आले, हे खरे. पण ते दुकानदाराच्या बाजूने भरावयाचे आहे, ग्राहकाने नव्हे. बँक खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय व्यवहाराला तर ते लागूच नाही. एसटीच्या वाहकाकडील यंत्रावर यूपीआयने तिकीट काढले, तर तिकिटाइतकीच रक्कम जाते. ‘क्रेडिट कार्डाचे यूपीआय चालणार नाही’ अशा पाट्या काही दुकानांत दिसतात, त्यामागे हेच दुकानदारावर पडणारे शुल्क आहे.

पंपावरचा १ रुपया ८० पैशांचा हिशेब

पेट्रोल पंपावरील क्रेडिट कार्डाचा अधिभार हा अनेकांना न उलगडणारा प्रकार. बऱ्याच कार्डांवर इंधनासाठी एक टक्का अधिभार लागतो आणि ठरावीक मर्यादेत तो नंतर परत केला जातो. हजार रुपयांच्या पेट्रोलवर १० रुपये अधिभार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १.८० रुपये कापले जातात. परत येतात ते १० रुपये; जीएसटी सहसा परत मिळत नाही. ‘अधिभार माफ’ या जाहिरातीतील हा बारीक अक्षरांतला भाग होय. जानेवारी २०१७ मध्ये नोटाबंदीनंतर बँकांनी पंपचालकांवर एक टक्का शुल्क लावण्याचे ठरविले, तेव्हा पंपचालकांनी कार्डे स्वीकारणे बंद करण्याचा इशारा दिला होता आणि सरकारला मध्ये पडावे लागले होते.

काचेवरचे प्रीपेड कार्ड

प्रीपेड कार्ड किंवा वॉलेट कधीच न वापरलेल्या माणसाच्या गाडीच्या काचेवरही एक प्रीपेड आणि कॉन्टॅक्टलेस साधन चिकटवलेले असते, ते म्हणजे फास्टॅग. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ बीड जिल्ह्यातून जातो आणि गेवराई तालुक्यात पाडळसिंगी येथे त्यावर टोलनाका आहे. छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात निघालेल्या रुग्णाच्या गाडीपासून मालमोटारीपर्यंत सर्वांना तो ओलांडावा लागतो.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग बंधनकारक झाला. टॅग नसल्यास किंवा चालत नसल्यास दुप्पट टोल, असा नियम होता. १५ नोव्हेंबर २०२५ पासून त्यात बदल झाला. टॅग नसलेल्या अथवा निष्क्रिय असलेल्या वाहनाने रोख पैसे दिल्यास दुप्पट आणि यूपीआयने दिल्यास सव्वापट आकारणी ठरली. १०० रुपयांच्या टोलसाठी रोखीने २०० आणि यूपीआयने १२५, असा हा फरक.

टॅग निष्क्रिय होण्याची कारणे साधी असतात : शिल्लक संपणे, केवायसी अपुरी राहणे, गाडी विकल्यानंतर जुना टॅग तसाच राहणे. काही वेळा दोष वाहनमालकाचा नसतोही. रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांमुळे १५ मार्च २०२४ नंतर पेटीएम पेमेंट्स बँकेच्या फास्टॅगमध्ये नवी रक्कम भरता येईनाशी झाली. असलेली शिल्लक वापरता येत होती, पण ती संपल्यावर दुसऱ्या बँकेचा टॅग घ्यावाच लागला.

टॅगमध्ये ऐनवेळी, नाक्याच्या रांगेत असताना पैसे भरले तर चालतात का? फेब्रुवारी २०२५ मध्ये यावरून संभ्रम झाला होता. नाक्यावर टॅग वाचला जाण्यापूर्वी ६० मिनिटांपेक्षा जास्त वेळ आणि त्यानंतर १० मिनिटांपर्यंत तो काळ्या यादीत असेल तर व्यवहार नाकारला जाईल, असा एनपीसीआयचा नियम १७ फेब्रुवारीपासून लागू झाला होता. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने नंतर खुलासा केला, की राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांना टॅगची स्थिती तत्काळ कळते, त्यामुळे तेथे नाका ओलांडण्यापूर्वी केव्हाही रक्कम भरता येते. काही राज्य महामार्गांवरील नाके मात्र त्या वेळी जुन्याच पद्धतीने चालत होते. म्हणून घरून निघतानाच शिल्लक पाहिलेली बरी.

याउलट एक नियम वाहनचालकाच्या बाजूचा आहे आणि तोच फारसा कोणाला माहीत नाही. टॅग वैध आहे, त्यात पुरेसे पैसे आहेत, पण नाक्यावरील यंत्रणाच बिघडलेली असेल, तर वाहन टोल न घेता सोडावे व शून्य रकमेची पावती द्यावी, अशी तरतूद मे २०१८ मध्ये टोलच्या नियमांत करण्यात आली. अशा वेळी रोख मागणे नियमाला धरून नाही.

१५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी वार्षिक पास आला. त्या वेळी ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते, असा त्याचा हिशेब होता. पाडळसिंगीसारख्या राष्ट्रीय महामार्गावरील नाक्यावर तो चालतो. परंतु पास काढला म्हणजे मुंबईपर्यंत टोल माफ, असे समजून निघालेल्याला धक्का बसतो. समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हे राज्याच्या अखत्यारीत असल्याने तेथे पास लागू नाही. टॅगमधील शिलकीतूनच टोल कापला जातो. पास आहे म्हणून टॅगमध्ये पैसेच न ठेवणाऱ्याचा टॅग तेथे चालत नाही. जीप, काळी-पिवळी, मालमोटार अशा व्यावसायिक वाहनांना हा पास मुळातच मिळत नाही.

गाडी अंगणात उभी असताना टोल कापल्याचा संदेश येण्याचे प्रकारही घडतात. नाक्यावर गाडीचा क्रमांक हाताने चुकीचा नोंदविला गेल्याने असे होते. यासाठी महामार्ग प्राधिकरणाचा १०३३ हा क्रमांक असून, टॅग देणाऱ्या बँकेकडेही तक्रार नोंदविता येते. गाडी त्या दिवशी अन्यत्र होती, हे दाखविणारा पुरावा जोडल्यास काम सोपे होते.

दाद कोठे मागावी?

दुकानात जादा शुल्क घेतले गेल्यास तक्रार स्वतःच्या बँकेकडे करण्याची सवय आहे. त्याबरोबर ती यंत्र पुरविणाऱ्या बँकेकडेही गेली पाहिजे, कारण दुकानदाराशी करार तिचा असतो. त्या बँकेचे नाव, दुकानाचा एमआयडी आणि यंत्राचा टीआयडी हे क्रमांक यंत्रातून निघणाऱ्या चिठ्ठीवर छापलेले असतात. बिलावर ३,००० आणि चिठ्ठीवर ३,०६० असे दोन कागद एकत्र ठेवले, की वेगळा पुरावा लागत नाही. म्हणूनच चिठ्ठी मागून घेणे महत्त्वाचे. ‘कागद संपलाय’ असे उत्तर आले, तर बँकेचा संदेश जपून ठेवावा.

पैसे खात्यातून गेले पण दुकानदाराला मिळाले नाहीत, असा व्यवहार फसल्यास रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या आदेशानुसार दुकानातील कार्ड व्यवहारात पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई बँकेने मागणी न करताच द्यावयाची आहे. वॉलेट किंवा प्रीपेड कार्ड देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्याच यंत्रणेतील व्यवहारासाठी ही मुदत एकच दिवसाची आहे.

बँकेने किंवा प्रीपेड कार्ड देणाऱ्या संस्थेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही अथवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ही व्यवस्था देशभरासाठी एकत्र करण्यात आली. त्यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. दुकानदाराविरुद्धची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. त्यापुढची पायरी बीड येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची. पाच लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांना तेथे दाखल शुल्क लागत नाही.

६० रुपयांसाठी आयोगापर्यंत कोण जाणार, हा प्रश्न रास्त आहे. पण यंत्र देणाऱ्या बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला एका अर्जापलीकडे खर्च येत नाही. अर्जासोबत चिठ्ठीची झेरॉक्स जोडावी आणि मूळ प्रत स्वतःकडे ठेवावी. या चिठ्ठीवरील छपाई उष्णतेने उमटलेली असते. काही महिन्यांत, उन्हाळ्यात तर त्याहून लवकर, अक्षरे पुसट होतात. त्यामुळे दुकानातून बाहेर पडतानाच मोबाइलवर तिचे छायाचित्र काढून ठेवलेले उपयोगी पडते.